आबांच्या पायांचं कोडं

माळशिरसच्या माणसाला एखादी गोष्ट कधी घडली ते विचारा, तो पालखीपासून मोजायला लागेल. “पालखीच्या आधल्या आठवड्यात म्हैस व्याली”, “पालखी गेल्यावर बोअरला पाणी लागलं”, असंच आमच्याकडे बोलतात. ज्ञानेश्वर माउलींची पालखी धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात शिरते. नातेपुत्याला मुक्काम होतो, दुसऱ्या दिवशी पुरंदावड्याला गोल रिंगण होतं आणि संध्याकाळी पालखी आमच्या गावच्या तळावर उतरते. घरोघरी भाकऱ्या थापणं चालू असतं. पुढे वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी आणि मग पंढरपूर.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, दर वर्षी इथूनच दिंडीत मिसळायचे. शेतीच्या कामांमुळे आळंदीपासून चालायला कधी जमलं नाही, पण माळशिरस ते पंढरपूर ही वाट त्यांनी चुकवली नाही. वेळापूरच्या अलीकडे एक उतार आहे. तिथून तुकाराम महाराजांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, असं सांगतात. म्हणून वारकरी अजूनही तिथं धावतात. त्याला ‘धावा’ म्हणतात. आबा म्हणायचे, “त्या उताराला पाय आपलं ऱ्हातच न्हाईत. त्येच आपल्याला पळवत नेत्यात.”

मुलांनो, हे सगळं आधी सांगितलं, कारण ही गोष्ट आबांच्या त्या पायांचीच आहे.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षी करोनामुळे पायी वारी झाली नाही. पादुका एस. टी. बसमधून पंढरपूरला गेल्या. आबा दोन्ही आषाढ ओट्यावर बसून राहिले. त्यांची चाल तेव्हाच मंदावली होती. पण आम्ही म्हणायचो, “बसून बसून पाय आखडलेत. वारी सुरू झाली की होतील मोकळे.”

२०२२ साली वारी सुरू झाली. आबा तेव्हा बहात्तर वर्षांचे. गळ्यात टाळ अडकवून भल्या पहाटे निघाले. दोन तासांनी गावातल्याच एका पोरानं त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून परत आणलं. गुडघे फुटले होते, टोपी कुठं तरी पडली होती. शिव ओलांडायच्या आतच ते पडले होते. ना दगड, ना खड्डा. सपाट डांबरी रस्त्यावर पडले होते.

“आरं, पाय उचलतो म्हनलं तरी उचलंना,” आबा म्हणाले. “कुनीतरी खालनं धरून ठेवल्यागत वाटतंय.”

मी हसलो. म्हणालो, “आबा, वय झालं आता. वारी पुरे.”

मी शाळेत विज्ञान शिकवतो. आबांनी रोगाचं इतकं नेमकं वर्णन केलं होतं, आणि मी ते हसण्यावारी नेलं.

त्यानंतरच्या सहा महिन्यांत घरात काय काय झालं ते सांगतो. आबांची चाल आणखी बिघडली. पाय फाकवून, पावलं बाहेरच्या बाजूला वळवून, जमिनीला घासत ते चालायचे. उंबऱ्यापाशी आले की थबकायचे, जणू पुढे ओढाच आडवा आहे. मागे वळायचं तर जागच्या जागी बारीक बारीक पावलं टाकत वळायचे. पायांचं एवढंच असतं तर निभावलं असतं. पण आबा विसरायलाही लागले. जुनं सगळं तोंडपाठ. पण सकाळी भाकरी खाल्ली की नाही, ते आठवेना. बोलता बोलता गप्प व्हायचे. कशात रस राहिला नाही. ज्यांना पाळी असली की पहाटे तीनला बॅटरी घेऊन उसाला दारं धरायला जायचं वेड, ते “मोटार चालू हाय का?” हेसुद्धा विचारेनासे झाले.

आणि तिसरी गोष्ट. ही कुणी कुणाला सांगत नाही. आबांना लघवी आवरेना. मोरीपर्यंत पोचायच्या आत धोतर ओलं व्हायचं. मग त्यांनी दुपारनंतर पाणी पिणंच सोडलं. ओलं धोतर ते गोठ्याच्या मागे कडब्याखाली दडवून ठेवायचे आणि सगळे झोपले की हौदावर जाऊन स्वतः धुवायचे. हे आम्हांला फार उशिरा कळलं.

दिवाळीत पाहुणे आले होते. आबांनी ओट्यावरची सतरंजी ओली केली. पाहुण्यांसमोर मी त्यांच्यावर ओरडलो. “लहान पोरगं आहात का आबा?” असं म्हणालो. आबा काही बोलले नाहीत. भिंतीला धरत धरत आत निघून गेले. आईनं सतरंजी उचलली. त्या वेळी सगळी पोरं फटाके उडवत होती. फक्त माझी आठवीतली लेक दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

औषधपाणी आम्ही केलं नाही, असं नाही. आधी गुडघ्यांचं समजून तेल, शेक, कॅल्शियमच्या गोळ्या झाल्या. मग एका ठिकाणी ‘कंपवात असेल’ म्हणून त्याच्या गोळ्या चालू झाल्या. दोन महिने दिल्या, फरक शून्य. शेजारीपाजारी म्हणत, “म्हातारचळ लागलाय. चालायचंच.” हळूहळू आम्हीही तेच म्हणायला लागलो.

पण माझ्या लेकीनं हे मान्य केलं नव्हतं. तिनं एक जुनी वही काढली होती. दिवाळीच्या सुट्टीपासून ती त्यात आबांची पावलं मोजून लिहीत होती. ओट्यापासून मोरीपर्यंत किती पावलं, किती सेकंद, वळायला किती पावलं. तारीख घालून, आखून, व्यवस्थित. मी एकदा विचारलं, “हे काय चालवलंय?” तर म्हणाली, “पप्पा, तुम्हीच सांगता ना, आधी निरीक्षण करा आणि मग बोला?”

मला पुढे बोलता येईना.

जानेवारीत आम्ही आबांना पुण्याला मेंदूविकाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आबांना चालायला सांगितलं. आबा चालू लागले. बाई त्यांच्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघत होत्या. लेकीनं भीत भीत वही पुढे केली. बाईंनी ती पहिल्या पानापासून वाचली. नोव्हेंबरात ३१ पावलं होती, जानेवारीत ४४ झाली होती. वळायला ९ पावलं. एका पानावर लिहिलं होतं, ‘पाय अडकतात, पण हात चांगले हलतात.’

“हे कुणी लिहिलं?” बाईंनी विचारलं. “फार उपयोगाचं आहे हे. कंपवातात बहुधा हात हलायचे कमी होतात, हाताला कंप असतो, पावलं जवळजवळ पडतात. आजोबांची पावलं फाकलेली आहेत आणि हात मोकळे आहेत.” मग त्यांनी माझ्याकडे वळून अगदी सहज विचारलं, “विसरायला लागलेत का? लघवी कपड्यांत होते का?”

एवढ्या महिन्यांत हे तीन प्रश्न एकत्र कुणीच विचारले नव्हते. आम्हीही पाय एका डॉक्टरांना सांगत होतो, विसरणं शेजाऱ्यांना सांगत होतो आणि तिसरी गोष्ट तर कुणालाच सांगत नव्हतो.

मेंदूचा एम. आर. आय. काढला. बाईंनी तो काचेवर लावून आम्हांला दाखवला. मेंदूच्या मधोमध दोन मोठे काळे पंख पसरल्यासारखे दिसत होते. “ही पोकळी इतकी मोठी नसते,” त्या म्हणाल्या. “इथं पाणी साठलंय.”

या आजाराचं नाव ‘नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस’. हायड्रो म्हणजे पाणी आणि सेफॅलस म्हणजे डोकं. मराठीत सरळ सांगायचं तर, डोक्यात पाणी साठणं, पण दाब मोजला तर तो नेहमीइतकाच भरणं.

आता हे पाणी कुठलं? मुलांनो, मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात. पुस्तकात त्यांना ‘निलय’ म्हणतात. त्यांच्यात पाण्यासारखा स्वच्छ द्रव सतत तयार होतो. तोच मेंदूभोवती आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूभोवती फिरतो. याचं नाव प्रमस्तिष्क-मेरुद्रव. नाव मोठं, काम त्याहून मोठं. मेंदू साधारण १४०० ग्रॅम वजनाचा असतो. पण तो या पाण्यात तरंगतो, म्हणून कवटीच्या तळाला त्याचा भार जेमतेम पन्नास ग्रॅमच्या आसपास जाणवतो. विहिरीत पोहताना आपण हलके होतो ना, तसंच. एका वेळी हे पाणी असतं सुमारे १५० मिलिलिटर. पण दिवसभरात तयार होतं जवळजवळ ५०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा लिटर. मग वरचं पाणी जातं कुठं? ते मेंदूच्या आवरणांतून परत रक्तात शोषलं जातं. म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा हे पाणी नवं होतं.

आमच्या भागातल्या मुलांना हे लगेच कळेल. नीरा उजव्या कालव्याचं पाणी उसाला सोडलं आणि खालून त्याचा निचरा होत नसला, तर काय होतं? जमीन चिबड होते. वरून बघाल तर पूर दिसत नाही, बांध फुटत नाही. पण ऊस पिवळा पडतो, वाढत नाही. आबांच्या डोक्यात तेच झालं होतं. पाणी येत होतं तेवढंच येत होतं, पण निचरा कमी झाला होता. पोकळ्या फुगत गेल्या आणि त्यांच्या कडेनं जाणारे मज्जातंतू ताणले गेले. पायांना आणि मूत्राशयाला मेंदूकडून हुकूम नेणारे काही तंतू याच पोकळ्यांच्या जवळून जातात. म्हणून आधी चाल बिघडते, असं मानलं जातं. पायांत ताकद असते, पण मेंदूचा हुकूम नीट पोचत नाही.

हे कोडं सोडवणारा माणूस कोलंबिया देशातला. डॉ. सालोमोन हकीम. आईवडील लेबनॉनमधून दक्षिण अमेरिकेत आलेले. सालोमोनला लहानपणापासून वीज आणि रेडिओ यांचा नाद. पुढे तो मेंदूचा शल्यविशारद झाला. १९५७ साली बोगोटा शहरातल्या इस्पितळात अपघातात डोक्याला मार लागलेला सोळा वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे आला. ऑपरेशन झालं, तरी मुलगा शुद्धीवर येईना. तपासणीत मेंदूतल्या पोकळ्या मोठ्या दिसल्या, पण पाण्याचा दाब मोजला तर नेहमीएवढाच. हकीमांनी तपासायला म्हणून थोडं पाणी काढलं. आणि तो मुलगा बोलायला लागला!

दाब नेहमीचा, मग पाणी काढल्यावर मुलगा बरा का झाला? हकीमांनी भौतिकशास्त्राची मदत घेतली. तुम्ही शाळेत शिकता ना, बल म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ? दाब तोच राहिला, पण पोकळीची भिंत मोठी झाली, तर भिंतीवर पडणारं एकूण बल वाढतं. याचा दुसरा भाग तुम्ही घरी करून बघा. फुगा फुगवताना सुरुवातीला फार जोर लागतो. एकदा थोडा फुगला की पुढे कमी जोरातही फुगत जातो. म्हणजे पोकळी मोठी झाल्यावर तिला तसंच ठेवायला नेहमीचा दाबही पुरतो. हकीमांनी १९६४ साली हे आपल्या प्रबंधात मांडलं आणि १९६५ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांबरोबरचा त्यांचा लेख जगभर वाचला गेला. सगळं कोडं आजही पूर्ण सुटलेलं नाही; पण चाल, विसर आणि लघवी ही तीन लक्षणं एकत्र दिसली की डॉक्टर सावध होतात, ते हकीमांमुळे.

आबांची परीक्षाही हकीमांच्या त्या मुलासारखीच झाली. आधी त्यांना दहा मीटर चालवलं. ३८ पावलं, ३४ सेकंद. मग पाठीच्या कण्यात, कमरेच्या खालच्या बाजूला, बारीक सुई घालून सुमारे ४० मिलिलिटर पाणी काढलं. स्वच्छ, विहिरीच्या नितळ पाण्यासारखं. काही तास पडून राहायला सांगितलं. मग पुन्हा चालवलं.

लेक मोबाईलवर वेळ लावून उभी होती. २४ पावलं, १९ सेकंद.

आबा स्वतःच दचकले. पायांकडे बघत म्हणाले, “सुटलं की रं!”

हा बदल दोन दिवसच टिकला. टिकणारच नव्हता, कारण पाणी पुन्हा तयार होत होतं. पण या परीक्षेतून कळलं की कायमचा निचरा करून दिला, तर उपयोग होण्याची शक्यता चांगली आहे. चिबड जमिनीला चर खणून देतात ना, तसाच चर आबांच्या डोक्यापासून पोटापर्यंत काढायचा होता. याला ‘शंट’ म्हणतात. मेंदूतल्या पोकळीतून एक बारीक, मऊ नळी निघते. कातडीच्या खालून, कानामागून, मानेवरून, छातीवरून ती पोटात उतरते. जादा पाणी पोटात जातं आणि तिथं शरीर ते शोषून घेतं. मधे एक झडप असते. विहिरीतल्या पाइपाच्या तळाला फूटव्हॉल्व्ह असतो, ज्याला आपल्याकडे सगळे ‘फुटबॉल’च म्हणतात, तो पाणी एकाच दिशेनं जाऊ देतो. तशीच ही झडप. पाणी उलटं येऊ द्यायचं नाही आणि एकदम भसाभस वाहूनही जाऊ द्यायचं नाही.

या झडपेच्या दोन गोष्टी मला पुढे वाचायला मिळाल्या, त्या तुम्हांला सांगितल्याच पाहिजेत.

‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ लिहिणारे रोआल्ड डाल तुमच्यापैकी कित्येकांना ठाऊक असतील. डिसेंबर १९६० मध्ये न्यू यॉर्कला त्यांच्या चार महिन्यांच्या मुलाच्या, थिओच्या, बाबागाडीला टॅक्सीनं धडक दिली. बाळाच्या डोक्यात पाणी साठायला लागलं. शंट बसवला, पण त्याची झडप पुन्हा पुन्हा तुंबायची आणि बाळाला पुन्हा ऑपरेशन. डाल रडत बसले नाहीत. त्यांना स्टॅन्ली वेड नावाचे एक इंजिनिअर माहीत होते. ते खेळण्यातल्या विमानांसाठी छोटी छोटी इंजिनं बनवायचे. लेखक, इंजिनिअर आणि लंडनचे डॉक्टर केनेथ टिल, अशा तिघांनी मिळून १९६२ पर्यंत न तुंबणारी झडप तयार केली. तोवर थिओला तिची गरज उरली नव्हती. पण पुढे जगातल्या सुमारे तीन हजार मुलांना ती बसवली गेली, आणि तिघांनी त्यावर एक पैसाही नफा घेतला नाही.

दुसरी गोष्ट आपल्या देशातली. परदेशी शंट महाग पडायचे, गरिबांना परवडायचे नाहीत. डॉ. डी. के. छाबरा या भारतीय शल्यविशारदांच्या नावाचा ‘छाबरा शंट’ उत्तर प्रदेशातल्या शहाजहानपूरला तयार होतो. आफ्रिकेतल्या युगांडामध्ये १९५ मुलांवर तो आणि त्याच्या कितीतरी पट महाग असलेला परदेशी शंट यांची तुलना केली गेली. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतरच्या परिणामांत दोघांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

फेब्रुवारीत आबांचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. नळी तुंबू शकते, जंतुसंसर्ग होऊ शकतो, पाणी जास्त उतरलं तर मेंदूभोवती रक्त साकळू शकतं, हे सगळं सांगितलं. शिवाय, चाल बहुधा सर्वांत जास्त सुधारते, विसरणं तितकं सुधारेलच असं नाही, हेही सांगितलं. सह्या करताना माझा हात कापत होता.

आदल्या रात्री इस्पितळात मी एकटाच आबांजवळ होतो. दिवाळीचं सतरंजीचं मनात घोळत होतं. म्हणालो, “आबा, मी त्या दिवशी तसं बोलायला नको होतं.”

आबा बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, विसरले असतील. मग म्हणाले, “मलाच कळंना रं, मला काय हुतंय. तुला कसं कळावं?”

ते विसरले नव्हते.

ऑपरेशन नीट झालं. डोक्याचे एका बाजूचे केस काढलेले, कानामागे टाके, पोटावर टाके. आठवड्यानं घरी आलो. महिन्याभरात धोतर ओलं व्हायचं थांबलं. आबा पुन्हा संध्याकाळी तांब्याभर पाणी प्यायला लागले, तेव्हा आई देवघरात जाऊन बसली, बराच वेळ बाहेर आली नाही. चाल हळूहळू सुधारली. उंबऱ्यापाशी अजून क्षणभर थांबतात, पण ओलांडतात. मोटार चालू आहे का, हे विचारतात. विसरणं थोडं कमी झालंय, गेलेलं नाही. त्यांनी औषधाची गोळी घेतली का, हे अजूनही आम्हांलाच बघावं लागतं. ठरल्या वेळी तपासायला नेतो. डोकं दुखलं, झोप जास्त यायला लागली, चाल पुन्हा बिघडली, तर लगेच यायचं, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलंय.

ऑपरेशननंतर चार महिन्यांनी, २०२३ च्या जूनमध्ये, पालखी आली. आबांनी पंढरपूरचं नाव काढलं नाही. पण संध्याकाळी टोपी घालून उभे राहिले. म्हणाले, “तळापतूर तरी जाऊन येतो.” मी गाडी काढायला लागलो, तर लेकीनं मला डोळ्यांनीच गप्प केलं. ती त्यांच्या शेजारून चालायला लागली. हात धरला नाही, फक्त शेजारून. मी दहा पावलं मागे. वाटेत आबा दोनदा थांबले. तळावर पोचल्यावर त्यांनी लांबूनच हात जोडले. गर्दी फार होती. परत येतानाही चालतच आले.

मुलांनो, हे वाचून आपल्या घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचं असंच असेल, असं समजू नका. विसरण्याची कारणं पुष्कळ असतात. त्यांत अल्झायमरसारखे आजार कितीतरी जास्त आढळतात आणि त्यांना असा चर काढून भागत नाही. कधी कधी दोन्ही आजार एकाच माणसाला असतात. पण विसरण्याच्या ज्या थोड्या आजारांवर इलाज आहे, त्यांतला हा एक. आणि तो ओळखायला जितका उशीर होईल, तितकी सुधारणा कमी होण्याची भीती असते. म्हणून ‘वय झालं’ हे उत्तर म्हणून स्वीकारायच्या आधी एकदा तपासून घ्यायला हवं.

यात तुम्ही काय करू शकता? मोठी माणसं कामात असतात. आजी-आजोबांजवळ सगळ्यांत जास्त वेळ असता तुम्हीच. त्यांची चाल बदलली का? पाय जमिनीला चिकटल्यासारखे वाटतात का? वळताना फार पावलं लागतात का? बोलणं कमी झालं, विसरणं वाढलं, असं काही आहे का? आणि तिसरी, लाजेची गोष्ट. त्यांना हसू नका. कपडे दडवावे लागतील, अशी वेळ त्यांच्यावर येऊ देऊ नका. आईवडिलांना हळूच सांगा. ते “वय झालं” म्हणाले, तर पुन्हा सांगा. वही ठेवा, तारीख घाला.

आमच्या घरची ती वही अजून आहे. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यात एक नोंद होते. आबा आता स्वतःच विचारतात, “ए पोरी, आज किती भरली?” त्या दिवशी तळावरून आल्यावरही त्यांनी विचारलं होतं. लेक म्हणाली, “आबा, आज मोजायची विसरले.”

त्यावर आबा म्हणाले, “मग तुलाबी दावाय पायजे त्या पुन्याच्या बाईला.” आणि पाय धुवायला मोरीकडे गेले.